एकशे अठ्ठावीस ठोके

मित्रांनो, आधी माझ्या वजनाबद्दल सांगतो, कारण मला उचलणारा प्रत्येक माणूस आधी त्याबद्दलच बोलतो. सतरा किलो. मला खाली ठेवल्यावर माणसं कंबर धरून जे पुटपुटतात, ते तुमच्यापुढे सांगण्यासारखं नसतं. मी स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे, तुमच्या हातातल्या फोनचा पणजोबा म्हणा ना. माझ्या अंगावर दोन मोठी चाकं आहेत. एका चाकावरची तपकिरी फीत दुसऱ्यावर जाते आणि जाता जाता माझ्या तीन डोक्यांसमोरून सरकते. हो, मला तीन डोकी आहेत. पहिलं पुसतं, दुसरं लिहितं, तिसरं वाचतं. हा क्रम लक्षात असू द्या. माझ्या आयुष्यातलं सगळं दुःख त्या पहिल्या डोक्यामुळे आहे.

मला बनवलं एका कारखान्यात. निळा कोट घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या तारा एकेक करून जोडल्या. झाकण बसवण्याआधी त्यांनी आत हळूच फुंकर मारली आणि म्हणाल्या, "नीट ऐक हं बाबा." मला मिळालेला तो पहिला उपदेश. तो मी पाळला, असं आजही छाती ठोकून सांगतो.

तिथून मी आलो थेट नाचाच्या हॉलमध्ये. शिसवी रंगाची लाकडी जमीन, उंच खिडक्या, वर सज्जा आणि समोर हातभर उंचीचं स्टेज. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिथे नाच असायचा आणि त्याच दिवशी सकाळी दहाला बँडची तालीम. बँड जॅझ वाजवायचा. जॅझ म्हणजे काय असं मला कोणी विचारलं, तर मी सांगेन की आधी सगळ्यांनी मिळून एक चाल वाजवायची, मग एकेकाने पुढे येऊन त्याच चालीवर त्या दिवशी मनात येईल ते बोलायचं. काय बोलायचं ते घरून ठरवून आणायचं नाही. एवढंच. पण हे एवढंच जमायला त्यांना जन्म गेला.

बँडमध्ये पाच जण होते आणि पाचही जणांचं पोट दुसऱ्याच कामावर चालायचं. पियानोवर मास्तर, ते शाळेत गणित शिकवायचे. सॅक्सोफोनवर न्हावी, माणसाएवढ्या उभ्या तंतुवाद्यावर, म्हणजे बासवर, बेकरीवाले. ड्रमवर एक सुतार होता, जेमतेम पंचविशीचा. त्याला सगळे ठोक्या म्हणायचे, दोन्ही धंद्यांना शोभेल असं. आणि ट्रम्पेटवर लांबू. लांबू टपाल कचेरीत पत्रं निवडायचा. इतका उंच की हॉलच्या दारातून येताना सवयीने मान वाकवायचा, दार चांगलं आठ फुटांचं असूनही.

ट्रम्पेट म्हटलं की तुम्हाला कर्कश काहीतरी आठवत असेल. लांबूचा ट्रम्पेट कधी ओरडला नाही. शेजारी बसून कोणी कानात काही सांगावं, तसा तो वाजवायचा. मास्तरांनी रचलेली एक चाल होती, पायरी पायरीने खाली येणारी. तिला ते 'जिना' म्हणायचे. 'जिना'मध्ये मधोमध लांबूच्या वाट्याला एकशे अठ्ठावीस ठोके यायचे, म्हणजे साधारण मिनिटभर. त्या मिनिटात नाचणारी माणसं पाय न उचलता जागच्या जागी डोलायची. कपडे आणि छत्र्या सांभाळणाऱ्या बाई आपली खिडकी सोडून दारापर्यंत यायच्या. मी त्याला सहा वर्षं ऐकलं, जवळजवळ तीनशे रविवार.

आणि मित्रांनो, ते सगळं मीच पुसलं.

झालं असं की मास्तर शिस्तीचे. तालीम टेप करायची, लगेच ऐकायची, कोण कुठे घसरला ते सांगायचं आणि विषय संपवायचा. पुढच्या रविवारी त्याच फितीवर नवी तालीम. एकदा हॉलच्या चावीवाल्या काकांनी त्यांना विचारलं होतं की एखादी फीत जपून ठेवायची का. माझी बटणं दाबायचं काम या काकांकडेच होतं. मास्तर म्हणाले, "टेप म्हणजे आरसा. आरशात बघायचं, भांग नीट करायचा आणि निघायचं. आरशात कोणी आपलं तोंड ठेवून येतं का?" सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो. आपण दर रविवारी चांगलं वाजवूच, पुढचा रविवार येईलच, हे त्या पाच जणांनी धरूनच ठेवलं होतं. रेडिओवाले कधी फिरकले नाहीत, तबकडी कोणी काढली नाही. त्यांच्या वाजवण्याचा एकुलता एक साक्षीदार मी, आणि माझं पहिलं डोकं दर आठवड्याला इमानेइतबारे सगळं पुसून काढत होतं.

मास्तरांचा आणखी एक नियम होता, तो सांगायला हवा. एखादा वादक आला नाही, तर त्याच्या वाट्याचे ठोके दुसऱ्या कोणी वाजवायचे नाहीत. तेवढा वेळ फक्त ड्रम आणि बास हलक्या हाताने चालू ठेवायचे, बाकीच्यांनी हात बांधून बसायचं आणि मनात मोजायचं. न्हावी कुरकुरायचा, कारण गैरहजर माणसाचं मिनिट आपल्याला मिळावं असं त्याला फार वाटे. मास्तर ऐकायचे नाहीत. आपण एकदा त्याची जागा भरली की तो परत येईल तेव्हा बसेल कुठे, असा त्यांचा सवाल असायचा.

मग एका रविवारी तालीम झाली आणि त्यानंतरच्या बुधवारी हॉलला कुलूप लागलं. मालकाला तिथे फर्निचरचं गोदाम करायचं होतं. कोणाला आधी सुगावाही लागू दिला नाही. बँड पांगला. चावीवाल्या काकांनी चाव्या परत केल्या आणि मला मागून घेतलं. हातगाडीवर घालून घरी नेताना ते सबंध रस्ताभर माझ्यावर हात ठेवून चालत होते. त्या शेवटच्या रविवारची फीत माझ्या चाकावर तशीच होती. तिच्यावर पुन्हा काही लिहिलं गेलं नाही. तीनशेंपैकी तेवढा एक रविवार वाचला, आणि तोही कोणी वाचवला म्हणून नाही.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण आत्मवृत्त म्हटलं की सांगावीच लागतात. काकांच्या घरात मी आधी टेबलावर होतो, मग टेबलाखाली, मग गॅलरीत. माझ्या डोक्यावर कुंडी आली. कुंडीतलं पाणी जास्त झालं की ते माझ्या पाठीवरून ओघळायचं. नातवंडांनी माझ्यावर बसून अभ्यास केला, निदान तसं आईला सांगितलं. काका गेले. त्यांच्या सूनबाई तशा टापटिपीच्या, दर वर्षी मला भंगारात द्यायला काढायच्या आणि दर वर्षी परत ठेवायच्या, कारण सासरे जाताना म्हणाले होते की त्यात आमचा हॉल आहे. मला गंज चढला, फितीला वास यायला लागला. मी मात्र तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. मी बोलतो ते फक्त फितीवरचं, आणि तेही कोणी बटण दाबलं तर.

एक दिवस ग्रंथालयाने शहरभर पत्रकं लावली. शहरातल्या जुन्या जॅझची आठवण गोळा करायची होती. फोटो, तिकिटं, पत्रकं, आवाज, जे असेल ते आणा, आम्ही त्याची डिजिटल प्रत करू आणि वस्तू तुम्हाला परत देऊ. सूनबाईंनी कुंडी उतरवली, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि रिक्षात घातलं. रिक्षावाला वजनाबद्दल बोललाच.

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक लहान खोली आहे, भिंतींना जाड कापड लावलेली. तिथल्या बाईंना सगळे ध्वनीबाई म्हणतात. त्यांनी आधी स्वतःचे हात धुतले, मग माझं झाकण उघडलं. वाळून गेलेला रबरी पट्टा बदलला. माझी तिन्ही डोकी स्पिरिटच्या बोळ्याने इतक्या हलक्या हाताने पुसली की मला भरून आलं. किती वर्षांनी कोणीतरी माझं तोंड पुसत होतं. बाजूला हाताच्या तळव्याएवढी एक काळी डबी ठेवली होती, माझा आवाज तिच्यात जायचा होता. माझ्या चाकावरच्या फितीसारख्या दहा हजार फिती तिच्यात मावतात म्हणे, आणि नवं ठेवायला जुनं पुसावं लागत नाही. खरं सांगतो, त्या डबीचा मला राग आला. आणि ती आपल्याला साठ वर्षांपूर्वी का भेटली नाही, असंही वाटलं.

ध्वनीबाईंनी लांबूच्या लेकीला मुद्दाम बोलावलं होतं. तिचं वय आता चौसष्ट. घरीच शिवणकाम करते, माप घ्यायची टेप तिच्या गळ्यात तशीच राहिली होती. लांबू गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिने ध्वनीबाईंना सगळं सरळ सांगितलं. बाजारात, बसमध्ये, कुठेही कोणा म्हाताऱ्या माणसाला ती कोणाची मुलगी ते कळलं की तो डोळे मिटून म्हणतो, काय वाजवायचे तुझे वडील. सबंध शहराने त्यांना ऐकलं होतं, तिने एकदाही नाही. तिला आठवत होती ती फक्त दर रविवारी सकाळी दारातून बाहेर पडणारी त्यांची पाठ. आठवड्याचा तो एकच सुट्टीचा दिवस. आईला रविवारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ड्युटी असायची आणि ती स्वतः शेजाऱ्यांकडे. आई पुढे आयुष्यभर म्हणत राहिली की तुझ्या बापाला त्या पितळेपुढे घर दिसलं नाही.

"मला एकदाच ऐकायचंय," लांबूची लेक म्हणाली. "आम्हाला सोडून ते जिथे जायचे, तिथे एवढं काय होतं ते तरी कळू दे."

ध्वनीबाईंनी बटण दाबलं. चाकं फिरली, 'जिना' सुरू झाला. मास्तरांचा पियानो, न्हाव्याचा सॅक्सोफोन, सगळं आलं. लांबूची लेक खुर्चीच्या अगदी कडेवर आली. मग तिच्या वडिलांची वेळ झाली, आणि खोलीत फक्त ड्रम आणि बास ऐकू येऊ लागले. ती थांबून राहिली. मिनिट संपलं, पुन्हा पियानो आला.

"बिघडलंय का?" तिने विचारलं.

ध्वनीबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. तारा तपासल्या, फीत पुन्हा लावली, पुन्हा तेच. मला इतकं लागलं म्हणून सांगू. मी एक अक्षरही गाळलं नव्हतं. शेवटी त्यांनी फोन करून ठोक्याला बोलावलं. पाच जणांपैकी आता तोच उरला आहे, त्र्याऐंशी वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत आला, हेडफोन लावून बसला आणि ते मिनिट येताच त्याची बोटं गुडघ्यावर चालू लागली. हेडफोन काढून तो म्हणाला की मशीन अगदी ठणठणीत आहे. लांबू त्या दिवशी तालमीला आलाच नव्हता. मग त्याने मास्तरांचा नियम समजावून सांगितला. लांबू का आला नव्हता? ठोक्याने बराच वेळ डोकं खाजवलं. नाही आठवत, म्हणाला, अठ्ठावन्न वर्षं झाली.

लांबूच्या लेकीने पिशवी उचलली. "इथेही गैरहजरच," एवढं बोलून ती गेली.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल विचार करा. तो का आला नव्हता ते मला माहीत होतं. मी ऐकलं होतं. ते फितीवर होतंही, अगदी सुरुवातीला, पहिल्या चाळीस सेकंदांत. पण माइक टांगलेला छताला, बोलणारी माणसं दाराशी, आणि वरून खुर्च्या ओढल्याचा आवाज. माझ्या तोंडून फक्त घरघर बाहेर पडत होती. ध्वनीबाई तेवढा भाग सोडून पुढे जात होत्या.

त्यांनी मग एक चांगली गोष्ट केली. 'जिना' ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ठेवला आणि खाली लिहिलं की मधलं एक मिनिट मोकळं आहे, तिथे लांबू काय वाजवायचा हे कोणाला आठवत असेल तर या आणि गुणगुणून दाखवा. आठ-दहा जण येतील असं त्यांना वाटलं होतं. शनिवारी सकाळी वाचनकक्षात बसायला जागा उरली नाही. छत्र्या सांभाळणाऱ्या बाई आल्या, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. नाचाच्या हॉलमध्ये बायकोला पहिल्यांदा भेटलेले निवृत्त बस कंडक्टर आले. सज्जात बसून नुसतंच ऐकणाऱ्या दोन बहिणी आल्या, त्या अजूनही एकमेकींना बोलू देत नाहीत. ध्वनीबाई लांबूच्या लेकीलाही फोन करकरून घेऊन आल्या होत्या. ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली.

ते मोकळं मिनिट सुरू करायचं आणि त्यावर एकेकाने गुणगुणायचं, असं ठरलं. कंडक्टरसाहेबांनी सुरुवात केली. छत्र्यावाल्या बाईंनी मधेच मान हलवली, हे असं नव्हतंच म्हणाल्या आणि स्वतःचं म्हणून दाखवलं. दोघी बहिणींनी दोघांनाही मोडीत काढलं आणि मग आपसातच जुंपली. ज्याला त्याला आपलंच खरं. बस्स, आता हमरीतुमरीवर येतात की काय असं वाटायला लागलं, तेव्हा ठोक्याने काठी जमिनीवर आपटली.

"अहो, तो दर रविवारी वेगळं वाजवायचा," तो म्हणाला. "तुम्ही आपापल्या रविवारचं सांगताय. सगळं बरोबर आहे."

मग कोणी कोणाला अडवलं नाही. अकरा जणांनी अकरा रविवार गुणगुणले. कोणाचा सूर सुटत होता, कोणाला दम पुरत नव्हता. मी सहा वर्षं जे पुसलं, ते या लोकांनी अठ्ठावन्न वर्षं सांभाळलं होतं, आंघोळ करताना, भाजी निवडताना, बसची वाट बघताना. ती काळी डबी एकेक करून सगळं साठवत होती. मी तिच्यावरचा राग सोडून दिला. लांबूची लेक पुढच्या रांगेत येऊन बसली होती. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे सगळे लोकांचे रविवार आहेत, तिचा त्यात एकही नाही.

सगळे चहाला उठले तेव्हा ध्वनीबाई ठोक्याकडे वळल्या. फितीच्या सुरुवातीला काही बोलणं पुसट येतं, ते संगणकावर खुर्च्यांचा आवाज कमी करून जरा वर काढलं आहे, कोणाचे आवाज आहेत तेवढं सांगता का, असं त्यांनी विचारलं. नोंदीत नावं लिहायची होती, बाकी काही नाही. त्यांनी ते सुरू केलं. लांबूची लेक तिथेच बसून होती.

आधी चावीवाल्या काकांचा आवाज आला, लांबून, पण स्वच्छ. "लांबू यायचा नाही आज. पोरीला गोवर आलाय. उशाशी बसलाय तो, ती बोट सोडत नाहीये म्हणाला."

मग मास्तर. "बसू दे. त्याची जागा मोकळी ठेवा."

आणि ठोक्याच्या ड्रमच्या काठ्यांनी चार ठोके मोजले.

ठोक्या हळूच म्हणाला, हे काका आणि हे मास्तर. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने लांबूच्या लेकीकडे पाहिलं. ध्वनीबाईंनी न विचारता ते पुन्हा लावलं. लांबूची लेक गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग ती बोलली.

"गोवर आला होता, हे आई सांगायची. मी तापात, मला काही आठवत नाही. उशाशी कोण होतं, ते नाही कधी सांगितलं. तिला तरी काय माहीत, ती कामावर होती." आणि मग ती रडली, चौसष्ट वर्षांची बाई, हातात तोंड लपवून, सहा वर्षांच्या मुलीसारखी. तिला कोणी उगी उगी केलं नाही. ठोक्या फक्त खुर्ची सरकवून तिच्या शेजारी बसला.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयाचे साहेब एक बेत घेऊन आले. माणूस मनाने चांगला. अकरा जणांच्या गुणगुणण्यावरून संगणक ट्रम्पेटचा हुबेहूब आवाज तयार करू शकतो, तो त्या मिनिटात बसवू, म्हणजे शहराला 'जिना' पूर्ण मिळेल आणि तुम्हालाही वडील ऐकायला मिळतील, असं त्यांनी लांबूच्या लेकीला समजावलं. माझा जीव वरखाली होत होता. ज्या एका गोष्टीसाठी ती आली होती, तीच तिला ताटात वाढून मिळत होती.

तिने साहेबांचे आभार मानले. लोकांनी गुणगुणलेलं सगळं शेजारी ठेवा, ज्याला जो रविवार हवा तो त्याने लावून ऐकावा, म्हणाली. पण मूळ गाण्यात ते मिनिट आहे तसंच राहू द्या.

"रिकामं?" साहेबांनी विचारलं.

"रिकामं कुठंय," ती म्हणाली. "तेवढा वेळ ते माझ्यापाशी बसलेत. बसू दे त्यांना."

ध्वनीबाईंनी त्याच दिवशी नोंद पुरी केली. पियानो, सॅक्सोफोन, बास, ड्रम, एकेकापुढे नाव. ट्रम्पेटपुढे त्यांनी क्षणभर विचार करून लिहिलं, 'लांबू (घरी, मुलीपाशी)'. आता कोणीही, कुठूनही 'जिना' ऐकला की ती ओळ समोर दिसते.

मित्रांनो, मी आता काचेच्या कपाटात असतो. माझ्या डोक्यावर कुंडी नाही, धूळ पुसायला आठवड्याला कोणीतरी येतं, माझं बरं चाललं आहे. तुमच्याकडे त्या डब्या आहेत, पुसण्याची सक्ती नाही. तेव्हा घरातली माणसं बोलत असताना, भांडत असताना, गुणगुणत असताना ते साठवून ठेवा आणि कोण, कुठे, कधी हे त्याच्यावर लिहा. सुरुवातीची घरघर कापून टाकू नका. आणि तुमच्या माणसांपैकी कोणी तुम्हाला कुठे गैरहजर सापडलं, तर त्याच्यावर रुसण्याआधी तेवढा वेळ तो कोणापाशी बसला होता, हे एकदा विचारा.